गेजताईचं मशीन

गेजताईचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. घड्याळाला गजर लावायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षांत ती वेळ अंगातच बसली होती. तोंड धुवायचं, दोन डबे भरायचे, एक आपला आणि एक नवऱ्याचा, आणि सहाच्या ठोक्याला वर्कशॉपचं शटर वर ढकलायचं. शटर जड होतं. उजव्या कोपऱ्यात अडकायचं, तिथे खांदा लावून एक हिसका द्यावा लागे. पुरुष ते दोघं मिळून उघडत. ती एकटी उघडायची, आणि कुणी बघायला नसलं तरी एकटीच उघडायची.

काम जळालेल्या मोटरी भरण्याचं. पंपाची मोटर, पंख्याची, लेथची, गिरणीची. आतली काळी पडलेली तार कापायची, तापवायची, ओढून काढायची. खाचा खरवडून साफ करायच्या, त्यात कागद घालायचा, आणि नव्या तारेचे वेढे एकेक करून बसवायचे, तारेवरचं वार्निश न खरचटता. तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीला छत्तीस खाचा. चांगला कारागीर दिवसाला एक मोटर भरतो. ती तीन दिवसांत चार भरायची. कुणी "जवळजवळ चार" म्हटलं की तिला खपायचं नाही. चार म्हणजे चार.

तार अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरून नुसती फिरवली की ती किती गेजची, म्हणजे किती जाड आहे, हे ती सांगायची. मायक्रोमीटर घेऊन आलेल्या तिघांनी तिच्याशी पैज लावली होती आणि तिघांनी चहा पाजला होता. तेव्हापासून ती गेजताई. खरं नाव पगाराच्या पत्रकावर तेवढं उरलं.

तिला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या वायंडरने. माणूस कमी बोलायचा, पण दोन गोष्टी रोज सांगायचा. एक, जोड करण्याआधी दोन्ही तोंडं पुसून लख्ख करायची. मळका जोड तापतो आणि तापलेला जोड मोटर खातो. दुसरी, काहीही काढण्याआधी लिहून घ्यायचं. किती वेढे होते, कुठून कुठे गेले होते, टोकं कशी जोडली होती. काढल्यावर आठवत बसणारा माणूस कारागीर नव्हे, भंगारवाला. त्यासाठी तिच्याकडे एक जाड वही होती. तेलकट बोटांनी तिची पानं पारदर्शक झाली होती, पण एकही मोटर त्या वहीत उतरल्याशिवाय उघडी झाली नव्हती.

वर्कशॉपच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता, बिलांसाठी. जेवणाच्या सुट्टीत कामगार त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत. डोंगरातला रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. एका दुपारी फोरमन तिला थट्टेने म्हणाला, "ताई, बसायचं का? गाडी दरीत घालायला लायसन लागत नाही."

ती बसली. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा दरीत गेली. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही, आणि फोरमनने लावलेली वेळ चार सेकंदांनी मोडली. तिला त्यात नवल वाटलं नाही. तार किती ओढली की तुटेल हे हाताला कळतं. वळणावर गाडी किती सोडली की घसरेल, तेही हातालाच कळतं.

फोरमनने डब्याचं झाकण लावलं.

"ऊठ ताई," तो म्हणाला. "कामाचं मशीन आहे ते."

चौथ्या दिवशी कॉम्प्युटरला पासवर्ड पडला. सहाव्या दिवशी तो पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, तिला सोडून. तिने विचारला नाही. आपल्या बाकावर बसून डबा खाल्ला, बोटं पुसली, आणि वहीच्या मागच्या बाजूने पहिलं पान उघडून त्यावर लिहिलं: आपलं मशीन.

तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, इस्त्री आणि कापडं बेतायचं मोठं टेबल. तिने त्याला सांगितलं तेव्हा त्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"खेळायला?"

"खेळायला."

"तू?"

"मग काय तुम्ही?"

त्याने टाचण्या परत तोंडात धरल्या. लग्नापासून आजवर त्याने तिला याहून जास्त विरोध केला नव्हता.

विरोध केला तो दिराने. दीर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून नोकरी करायचा, त्यामुळे त्या घराण्यात कॉम्प्युटरचा विषय त्याच्या मालकीचा होता. ऐकल्या ऐकल्या तो आला. टेबलाच्या कडेला टेकला आणि वहिनीला समजावायला लागला.

"वहिनी, या वयात गेम?"

"तुम्ही घेतलात तेव्हा कोणतं वय होतं भाऊजी?"

"मी ऑफिसच्या कामाला घेतला."

"हो, बघितलंय ते काम. पत्त्यांचे डाव लावत बसलेलात."

नवऱ्याला हसू फुटलं आणि सुई बोटात घुसली.

"बरं, घ्यायचाच असेल तर माझ्या ओळखीचं दुकान आहे," दीर म्हणाला. "तयार मशीन मिळतं. काच, लाल दिवे, सगळं. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"तयार मोटर मी आजवर घेतली नाही. मशीन का घेऊ?"

"ही मोटर नाहीये, वहिनी. यात सतरा भानगडी असतात. हे तुमच्या डोक्यावरून जाईल."

"डोक्यावरून जाऊ दे. हाताखालून जाणार नाही, बघा."

दुसऱ्या दिवसापासून तिने जादा काम धरलं. रोज पाळी संपल्यावर आणखी दोन तास. दोन तास ऐकायला काही वाटत नाहीत. आठ तास खाचांवर वाकलेल्या मानेला विचारावं दोन तास म्हणजे काय. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यात वार्निश शिरायचं, आणि सकाळी मूठ उघडायला कोमट पाण्यात धरावी लागायची. हे अठरा महिने चाललं. त्या अठरा महिन्यांत ती फक्त दोनदा लवकर घरी गेली, एकदा तापाने आणि एकदा नवऱ्याच्या तापाने.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईलवर व्हिडिओ बघायची. काच तडकलेली होती, आवाज बारीक होता, पण ऐकून ऐकून तिने सगळं आपल्या भाषेत बसवलं. प्रोसेसर म्हणजे विचार करणारा. ग्राफिक कार्ड म्हणजे चित्र काढणारा. शर्यतीच्या खेळात खरा घाम याचाच. रॅम म्हणजे कामाचं टेबल, जितकं मोठं तितकी कापडं पसरता येतात. आणि पॉवर सप्लाय म्हणजे या सगळ्यांना जेवू घालणारा. तो उपाशी तर सगळे उपाशी. किमती ती मोटरींत लिहायची. अमुक भाग अकरा मोटरींचा, तमुक एकोणीस मोटरींचा. पैशांत लिहिलं की आकडा नुसता आकडा राहतो. मोटरींत लिहिलं की पाठ दुखते, आणि मग माणूस नीट निवडतो.

अठरा महिने भरत आले तेव्हा ती दिराच्या ओळखीच्या दुकानात गेली. दीरही बरोबर आला.

दुकानदार काउंटरवर कोपर टेकून उभा होता. "या काकू. मुलासाठी बघताय?"

"मला मूल नाही."

"मग भाच्यासाठी असेल."

"माझ्यासाठी. मोटारींची शर्यत खेळायचीय, डोंगरातली. वळणावर चित्र अडखळता कामा नये."

दुकानदाराने दिराकडे बघितलं. दिराने छताकडे बघितलं.

"मग हे घ्या," दुकानदाराने लाल दिव्यांचं मशीन पुढे ओढलं. "सगळ्यात जास्त हेच जातं."

"उघडा."

"काय?"

"बाजू उघडा. आत बघायचंय."

"काकू, सील आहे त्याला."

"मग तोडा सील. मोटर न उघडता भाव सांगणारा कारागीर मी अजून बघितला नाही."

सील तुटलं. तिने आत वाकून बघितलं आणि तळाशी असलेला पॉवर सप्लायचा डबा काढून मागितला. तळहातावर ठेवला. हात खालीवर केला. काउंटरवर ठेवला, परत उचलला.

"हलका आहे."

"सहाशे वॉटचा आहे काकू. लेबल बघा की."

"लेबल चिकटवायला वॉट लागत नाहीत. आत तांबं नाही याच्यात. गाडी चढाला लागली की हा मान टाकणार, आणि जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जाणार. तुमचा तो पार्सलचा काटा इकडे करा."

काट्यावर तो डबा किलोभरही भरला नाही. तिने वहीत बघून दुसऱ्या एका डब्याचं नाव वाचलं. तो साडेपाचशेचाच होता, दिसायला काळा आणि गबाळा. काट्यावर पावणेदोन किलो भरला.

"हा द्या," ती म्हणाली. "आणि यात रॅमची पट्टी एकच कशी? खाचा चार दिसतात."

"एक पुरते हो."

"पुरायला काय, एका चपलेनेही चालता येतं. दोन द्या, सारख्या. जोडीने लावल्या की पळतात त्या."

दुकानदाराचा चेहरा आता बदलला होता. त्याने काउंटरवरून कोपर काढलं. "आणि दिवे? दिवे फुकट आहेत."

"मग काढून घ्या आणि त्यांचे पैसे कमी करा."

तिने त्या दिवशी फक्त पॉवर सप्लाय घेतला. रस्त्यावर आल्यावर दीर चार पावलं पुढे चालत राहिला, मग थांबला.

"माझी लाज काढलीत वहिनी. ओळखीचा माणूस आहे तो."

"तुमच्या ओळखीचं वजन केलं भाऊजी. किलोभरही नाही भरली."

"मोठ्या कारागीर लागून गेलात! ठीक आहे. हे सुटे भाग जोडणार कोण?"

"मी."

"ठरलं तर मग. माझ्यासमोर जोडायचं. नाही चाललं तर सगळं याच दुकानात परत, हा देईल त्या भावात, आणि गेमचा विषय घरात पुन्हा निघणार नाही."

"आणि चाललं तर?"

"चाललं तर बघू."

"बघू नाही. चाललं तर माझ्या मशीनला हात लावायच्या आधी मला विचारायचं. दर वेळी."

"कबूल," दीर म्हणाला.

त्याची अट तिनेही सहज मानली नव्हती. परत म्हणजे निम्म्या भावात, हे तिला माहीत होतं. निम्मा भाव म्हणजे नऊ महिन्यांच्या संध्याकाळी. पण "ऊठ" हा शब्द तिने एकदा ऐकून घेतला होता. दुसऱ्यांदा, तेही आपल्या पैशाच्या मशीनवरून, ऐकायचा नव्हता.

बाकीचे भाग तिने एकेक करून घेतले. ग्राफिक कार्ड नवं परवडत नव्हतं, म्हणून जुन्या मशीनांच्या बाजारात गेली. तिथल्या विक्रेत्याने तीन कार्डं समोर मांडली. पहिल्याचा पंखा तिने बोटाने फिरवला, बेअरिंग घरघरलं. बाजूला. दुसरं कार्ड तिने नाकाजवळ नेलं.

"बाई, फुलं नाहीत ती," विक्रेता हसला.

"मोटर जळलेली आधी नाकाला कळते, मग मीटरला," ती म्हणाली. "हे एकदा करपलंय. याला पंखा नवा लावलाय तुम्ही, पण वास जुनाच आहे."

तो हसायचा थांबला. तिसरं कार्ड तिने तिथेच लावून, वीस मिनिटं चालवून, हात लावून बघितलं आणि घेतलं. एकतीस मोटरी. सगळ्यात महाग भाग तोच.

रविवारी सकाळी दहा वाजता नवऱ्याने बेतायचं टेबल रिकामं केलं, त्यावर धुतलेली चादर अंथरली आणि स्वतः विजेरी घेऊन उभा राहिला. दीर खुर्ची ओढून दाराशी बसला, हाताची घडी घालून. तिने आधी लोखंडी नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली, मग स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

वहीच्या मागच्या बाजूला आता बेचाळीस पानं भरली होती. त्यात भाग निवडण्याबद्दल सगळं होतं. जोडण्याबद्दल एक ओळ नव्हती. जोडणं म्हणजे हाताचं काम, त्याला काय लिहायचं, असं तिला वाटलं होतं. सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डबरोबर चित्रांचा कागद आला होता, तेवढा बस.

आणि हात खरोखर चालले. प्रोसेसर खाचेत जागच्या जागी उतरला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या दोन बाजूंनी टचटच बसल्या. मग तिने प्रोसेसरवर बसवायचा पंखा खोक्यातून काढला. त्याच्या बुडाशी धातूच्या चकतीवर राखाडी रंगाचं काहीतरी माखलेलं होतं.

"हा कसला चिखल?" नवऱ्याने विजेरी जवळ नेली.

"कंपनीचं ग्रीस. नवीन बेअरिंगलाही असतं, गंजू नये म्हणून. बसवताना पुसायचं."

तिने चिंधीला स्पिरिट लावलं आणि चकती पुसली. एकदा, दोनदा, मग कोरड्या कापडाने. तोंड दिसेल इतकी लख्ख केली. म्हाताऱ्या वायंडरने पाठ थोपटली असती. पंखा प्रोसेसरवर ठेवला, चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, वायरी जोडल्या. साडेअकराला बटण दाबलं.

पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं उमटली. नवऱ्याच्या तोंडून "अरे!" निघालं. दिराची हाताची घडी सुटली आणि तो उठून जवळ आला.

पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरची उष्णता दाखवणारा आकडा होता. साठ. बघता बघता सत्तर झाला. त्र्याऐंशी. शहाण्णव. आणि सगळं एकदम गप्प झालं.

तिने थोडं थांबून परत बटण दाबलं. परत अक्षरं, परत आकडा, परत अंधार. या वेळी दोन मिनिटंही टिकलं नाही.

दीर हळूच म्हणाला, "संपलं, वहिनी." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हेच तिला जास्त झोंबलं. "प्रोसेसरच खराब असणार. मी दुकानात फोन करतो. एक वाजेपर्यंत उघडं असतं. मी स्वतः नेऊन देतो सगळं."

"चालू झालं की नाही?"

"झालं, पण..."

"झालं. बंद का होतंय ते मी सांगते. एक वाजायला अजून वेळ आहे. बसा."

"वहिनी, उगाच ताणू नका. हरण्यात..."

"बसा भाऊजी."

तो बसला, पण फोन त्याने लावलाच.

तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि या वेळी पडद्याकडे बघितलं नाही. डावा हात पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर ठेवला. कोमट. आंघोळीच्या पाण्याइतकंही नाही. उजवा हात बोर्डाच्या मागे नेला, प्रोसेसर बसला होता त्याच्या बरोबर पाठीशी. बोट झटकन मागे आलं.

"आकडा किती?"

"नव्वद," नवरा म्हणाला.

तिने स्विच बंद केला. खाली नव्वद आणि वर कोमट. अंगावर अंग ठेवलंय, तरी उष्णता वर येत नाहीये. म्हणजे मधल्या जोडात काहीतरी कमी आहे. पण जोड तर लख्ख होता. तिनेच पुसला होता.

तिने टेबलाखालची चिंधी उचलली आणि उजेडात धरली. ग्रीस पिवळट असतं, हे राखेसारखं होतं. ग्रीस कंपनी सगळ्या अंगाला फासते, हे फक्त मधोमध होतं, मोजून मारलेल्या पट्ट्यांसारखं. गंजू नये म्हणून लावलेलं ग्रीस कुणी मोजून लावतं का? तिला एक व्हिडिओ आठवला. एक माणूस नळीतून वाटाण्याएवढा राखाडी ठिपका प्रोसेसरवर लावत होता. तेव्हा तिने तो भाग बोटाने पुढे सरकवला होता. तिला किमती ऐकायच्या होत्या. प्रोसेसरची उष्णता वर पंख्याकडे पोचवणारं ते हेच होतं.

ती खाली स्टुलावर बसली. चूक कळली म्हणून नव्हे. सत्तावीस वर्षांत ती कुठल्याही मोटरीतलं एक धाग्याएवढं सूतसुद्धा लिहिल्याशिवाय काढत नव्हती, आणि इथे, स्वतःच्या मशीनमध्ये, ती राखाडी पट्टी तिने न लिहिता, न विचारता पुसून टाकली होती. लिहायला थांबली असती तर विचार पडला असता, हे कशाला आहे. म्हाताऱ्याची एक गोष्ट पाळायच्या नादात दुसरी मोडली.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"माझी चूक झाली. प्रोसेसर चांगला आहे." ती उठली, चपला घातल्या. "मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. भाऊजी, तुम्ही सुद्धा. अजून हरलेली नाहीये मी."

दुकान चालत वीस मिनिटं. ती चौदा मिनिटांत पोचली. दुकानदार शटरजवळच उभा होता.

"आलात? फोन आला होता. परत करायचंय ना? सामान कुठेय?"

"परत काही नाही. प्रोसेसरला लावायची राखाडी पेस्ट द्या. एक नळी."

त्याने तिच्याकडे बघितलं. "पहिली होती ना बुडाला लावलेली?"

"पुसली."

"पुसली?"

"लख्ख."

त्याला हसू आवरेना. "काकू, लावायला विसरलेली गिऱ्हाइकं ढीगभर बघितली. लावलेली पुसून टाकणारं तुम्ही पहिलं गिऱ्हाईक."

"मग लिहून ठेवा," ती म्हणाली. "मी नव्हतं लिहिलं, म्हणून यावं लागलं."

त्याने नळी दिली आणि कसं लावायचं ते सांगायला तोंड उघडलं, मग तिच्या बोटांकडे बघून स्वतःहून बंद केलं. "जास्त नको," एवढंच म्हणाला.

घरी येऊन तिने आधी वही उघडली. नव्या पानावर लिहिलं: पंख्याच्या बुडाशी राखाडी पेस्ट, मधोमध. पुसायची नाही. पुसली तर नवी, वाटाण्याएवढी. मग पंखा काढला, ठिपका ठेवला, पंखा सरळ खाली दाबला, समोरासमोरचे स्क्रू आवळले. बटण दाबलं.

बेचाळीस. चव्वेचाळीस. आकडा तिथेच हलत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिने पात्यांवर हात ठेवला. आता ती गरम होती, उष्णता वर येत होती. पावणेएकला नवऱ्याने विजेरी बंद केली आणि कुणी न सांगता चहा टाकायला गेला.

दीर पडद्याजवळ वाकला. "वहिनी, यात अजून सिस्टिम घालावी लागेल. त्याशिवाय खेळ चालणार नाही."

"माहितेय."

"मी..." त्याने घसा साफ केला. "मी घालून देऊ का?"

"विचारलंत ना? मग घाला. आणि काय काय करताय ते बोलत जा. मी लिहून घेणार आहे."

पुढच्या रविवारी दहा वाजता ती मशीनसमोर बसली. डोंगराचा रस्ता आता ऑफिसातल्यापेक्षा दुप्पट स्पष्ट दिसत होता. कड्यावरची गवताची पाती वेगळी दिसत होती. वळणावर चित्र अडखळलं नाही. ती तीन तास गाडी चालवत राहिली. मागे नवरा काज करत बसला होता. दीर दोनदा आला, दोनदा "मी बसू का?" म्हणाला, आणि दोनदा "थांबा, माझं झालं की" ऐकून गेला. ऊठ कुणी म्हणालं नाही.

सोमवारी सहाला तिने शटर वर ढकललं. फोरमन तासाभराने आला आणि तिच्या बाकाशी रेंगाळला.

"ताई, मशीन घेतलंत म्हणे. केवढ्याला पडलं?"

"एकशे चव्वेचाळीस मोटरी आणि वर नऊ खाचा."

"म्हणजे पैसे किती?"

"भरून बघा तेवढ्या, पाळी संपल्यावर. पैसे आपोआप कळतील."

तो हसला, मग हसायचा थांबला. ती हसत नव्हती. तिने समोरच्या मोटरीची वही उघडली होती आणि पहिल्या खाचेतले वेढे मोजत होती.

"आणि नऊ खाचा कसल्या?"

"राखाडी पेस्टच्या एका नळीच्या. तेवढी एक चूक झाली माझी." तिने आकडा लिहिला आणि मग कात्री उचलली. "तिचेही पैसे मीच दिले."